पिल्लू आणायचंय? आधी तिला विचारा!

कुत्र्याला सुतक नसतं. दहावं नाही, तेरावं नाही, भेटायला येणं-जाणं नाही. घरातलं माणूस गेलं, तर शेजारच्या घरून पिठलं-भात येतो, ओळखीच्या बायका येऊन नुसत्या शेजारी बसून जातात. कुत्रा गेला, तर त्याच दिवशी सकाळी मुलांचे डबे भरायचे असतात. ‘डोळे का गं सुजलेत?’ असं कुणी विचारलं, तर ‘सर्दी झालीय’ म्हणून आपण विषय संपवतो. कारण खरं सांगितलं, की समोरून ठरलेलं उत्तर येतं, ‘अगंबाई! मग त्यात काय, दुसरं पिल्लू आणा की!’

मैत्रिणींनो, आज मला त्या सुजलेल्या डोळ्यांबद्दल बोलायचंय आणि त्या ‘दुसऱ्या पिल्ला’बद्दलही. या दोन्हींचा भार शेवटी घरातल्या एकाच माणसावर पडतो. ते माणूस कोण, हे तुम्हाला सांगायला नको!

ज्याच्या हातून खाल्लं...

घरात कुत्रं येतं तेव्हा ते कुणाचं असतं, जरा आठवून पाहा. मुलांनी हट्ट धरलेला असतो, यजमान हौसेनं आणतात. ‘मी फिरवीन’, ‘मी आंघोळ घालीन’ अशा शपथा होतात. आपण मात्र ‘नको बाई, माझ्या मागे कमी का कामं आहेत’ असं म्हणत असतो. पुढे शाळा, क्लास, फिरतीची नोकरी सुरू होते आणि महिन्याभरात ते कुत्रं अलगद आपल्या पदरात पडतं. ज्याच्या हातून खातं, त्याच्या पायात घोटाळतं. नको-नको म्हणणारीच त्याची आई होऊन बसते.

आमचा मोती गेला त्याला आता दीड वर्ष झालं. तपकिरी रंगाचा, एक कान उभा नि एक पडलेला, अगदी साधा गावठी कुत्रा. बारा वर्षं घरात होता. शेवटच्या वर्षी पाणी फार प्यायला लागला, खाणं कमी झालं, अंग उतरलं. म्हातारपणी मूत्रपिंडं थकली की कुत्र्यात अशी लक्षणं दिसतात. डॉक्टरांनी रक्त तपासून तेच सांगितलं. पथ्याचं खाणं, औषध, सलाईन यांवर चार महिने निघाले. शेवटच्या आठवड्यात त्याला जागचं उठवेना. तेव्हा डॉक्टर घरी आले, आम्ही सगळे भोवती बसलो आणि भुलीच्या औषधाचा मोठा डोस देऊन त्यांनी त्याला शांतपणे जाऊ दिलं.

घरातल्या प्रत्येकाला तो वेगळ्या वेळी आठवायचा. यांना संध्याकाळी फाटकाची कडी काढताना. मुलांना शाळेतून आल्यावर दप्तर टाकताना. सासूबाईंचं सोवळं कडक. बारा वर्षांत मोत्याला त्यांनी देवघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. पण पहिल्या भाकरीचा चतकोर त्याचा, हा नेम त्यांनी एक दिवस चुकवला नव्हता. तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी पाहते, तर ओट्याच्या कोपऱ्यावर चतकोर मोडून ठेवलेला. मी काही बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. संध्याकाळी तो गल्लीतल्या कुत्र्याला गेला.

माझं म्हणाल, तर मनाच्या आधी ते माझ्या पायांना कळलं. मोती स्वयंपाकघराच्या दारात आडवा पडायचा. बारा वर्षं मी हातात गरम पातेलं घेऊन त्याला ओलांडत होते. तो गेल्यावरही महिनाभर तिथं आलं की माझा पाय आपोआप उचलला जाई.

केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकांनी १९८९ साली अशा दुःखावर एक पुस्तक संपादित केलं. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मानतच नाही, ज्यात उघडपणे रडायची सोय नसते, ते दुःख जास्त दिवस आत राहतं, असं त्यांचं म्हणणं. पाळलेल्या प्राण्याचा मृत्यू हा त्यातलाच. म्हणून तुम्हाला कुणी हसलं, ‘कुत्र्यासाठी काय रडायचं!’ म्हणालं, तर मनाला लावून घेऊ नका. तुमचं काही बिघडलेलं नाही. बारा वर्षं रोज दोन वेळा ज्याला जेवू घातलं, तो जेवायला आला नाही, तर रडू येणारच.

आणि हे काही बाहेरून आलेलं खूळ नव्हे. महाभारताच्या आरंभी जनमेजयाच्या यज्ञात एक कुत्र्याचं पिल्लू येतं. त्यानं हविर्द्रव्याला तोंड लावलेलं नसतं, तिकडे पाहिलेलंही नसतं. तरी राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जातं. ती आई म्हणजे देवांची कुत्री सरमा. ती भर यज्ञमंडपात येऊन राजाला जाब विचारते, की माझ्या लेकराचा अपराध काय? कुणी उत्तर देत नाही, तेव्हा ती शाप देऊन जाते. आणि शेवटी, महाप्रस्थानाच्या वाटेवर, स्वर्गाचं विमान दारात उभं असताना धर्मराज म्हणतो, की बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडून मी येणार नाही. घरोघरी दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, तीही आपण रोजच पाहतो. तेव्हा संकोच कशाचा?

मुलांना खरं सांगा

मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. पाचवीच्या वर्गाला ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध दर वर्षी असतो. ‘कुत्रा हा इमानी प्राणी आहे, त्याला चार पाय आहेत’ अशा छापाच्या वह्या तपासताना एका वर्षी एका मुलाची वही हाताला लागली. त्यात सगळीकडे ‘होता’. त्याला चार पाय होते, तो शेपूट हलवत होता. मी त्याला जवळ बोलावून विचारलं, तर म्हणाला, ‘बाई, आई म्हणते तो शेतावर गेलाय. पण आमचं शेतच नाहीये.’

मुलांना वाटतं त्याहून पुष्कळ कळतं. ‘शेतावर पाठवला’ म्हटलं, तर मूल वाट पाहत राहतं. ‘डॉक्टरांनी झोपवलं’ म्हटलं, तर लहान मूल रात्री झोपायला घाबरतं, आणि पुढे दवाखान्यात जायचं नाव काढलं की भोकाड पसरतं. साध्या शब्दांत सांगावं, ‘तो फार म्हातारा झाला होता, त्याचं शरीर चालेनासं झालं, तो मेला. आता तो परत येणार नाही. त्याला दुखतही नाही.’ तीन-चार वर्षांचं मूल हेच पुनःपुन्हा विचारील. कंटाळू नका. परत येत नाही म्हणजे काय, हे उमजायला त्याला वेळ लागतो.

आणखी एक. मुलांसमोर आपण रडलो तर बिघडत नाही. आई रडते, डोळे पुसते आणि भाजी फोडणीला टाकते, हे मुलांनी पाहिलेलं बरं.

निरोप नीट द्या

स्वतःची जागा असेल तर परसात पुरता येतं. मात्र विहिरीपासून लांब, निदान तीन-चार फूट खोल खड्डा घ्या, वर दगड ठेवा. इंजेक्शन देऊन जाऊ दिलेलं असेल, तर हे अधिकच सांभाळा. ते औषध शरीरात राहतं. दुसऱ्या जनावरानं उकरून खाल्लं, तर त्याच्याही जिवावर बेतेल. गावात जागा नसेल, तर नगरपालिकेकडे किंवा आपल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे चौकशी करावी. मुंबईत महापालिकेनं मालाडला लहान प्राण्यांसाठी वेगळी दहनवाहिनी २०२३ साली सुरू केली. मोठ्या शहरांतून अशा सोयी आता हळूहळू होत आहेत.

त्याच्या वस्तूंची घाई करू नका. पट्टा, ताटली, गोणपाट, आठ दिवसांनी काढा, महिन्यानं काढा, तुमच्या मनानं घेतलं की काढा. एकच अपवाद, त्याची औषधं. ती मात्र मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी लगेच दूर करा.

आता ते दुसरं पिल्लू

बहुतेक घरांत काय होतं? दहा-पंधरा दिवस जातात. घर सुनं वाटतं, मुलं रुसून बसतात, यजमानांना बायकोचा उतरलेला चेहरा पाहवत नाही. आणि एक दिवस ते कापडी पिशवीतून पिल्लू घेऊनच येतात. हेतू प्रेमाचाच असतो, नाही कोण म्हणतं? पण त्या वेळी आपल्याला आनंद होतो का? पुष्कळजणी मला म्हणाल्या, की आधी रागच आला. ज्याची खरवड अजून पातेल्यात दिसते, त्याच्या ताटलीत हा कोण तोंड घालतो? आणि तो राग काढायचा कुणावर, त्या मुठीएवढ्या जिवावर?

आमच्याकडेही पंधराव्या दिवशी विषय निघाला. मी ‘नाही’ म्हटलं. मुलं हिरमुसली. हे म्हणाले, ‘तुझ्यासाठीच म्हणतोय मी.’ मी म्हटलं, ‘माझ्यासाठी असेल, तर मला ठरवू द्या.’ सासूबाई जपमाळ ओढत होत्या. त्या थांबून म्हणाल्या, ‘बरोबर आहे तिचं. करायचं तिलाच आहे.’

मग मी कागद-पेन्सिल घेऊन एक हिशेब मांडला. तुम्हीही मांडून पाहा. कुत्रं साधारण दहा ते तेरा वर्षं जगतं, काही त्याहून जास्त. आज पिल्लू आणलं, तर बारा वर्षांनी घरात कोण असेल? माझा थोरला आज आठवीत आहे, धाकटी तिसरीत. बारा वर्षांनी दोघंही शिकायला, नोकरीला बाहेर असतील. सासूबाई आज चौऱ्याहत्तरच्या. म्हणजे पिल्लाचं बाळपण सगळ्यांचं, पण म्हातारपण माझं एकटीचं. त्याला उचलून अंगणात न्यायचं, सलाईन लावायचं, शेवटी त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसायचं, तेव्हा पन्नाशीच्या घरातली मी असणार. या हिशेबानंतर तुमचं उत्तर ‘नको’ आलं, तर ते मनापासून ‘नको’ म्हणा. त्यात निष्ठुरपणा नाही. आणि ‘हो’ आलं, तर ते तुमचं असू द्या.

माझं ‘हो’ सहा महिन्यांनी आलं. मात्र अटी घालून! आमच्या घरी कॅलेंडरच्या मागच्या पानावर त्या लिहून भिंतीला लावल्या आहेत :

सकाळचं फिरवणं यांचं, संध्याकाळचं थोरल्याचं.

सकाळचं खाणं सासूबाई घालतील, रात्रीचं मी.

डॉक्टर, लशी आणि त्यांचा खर्च यांच्याकडे. तारखा कॅलेंडरवर त्यांनीच मांडायच्या.

घाण ज्याला आधी दिसेल, त्यानं पुसायची. ‘आई, इथं बघ’ असं ओरडायचं नाही.

मी शाळेत असते त्या वेळात पिल्लू माझ्या जबाबदारीवर नाही.

दिवाळीत, मे महिन्यात माहेरी जायचं, तर मागे कोण राहणार, हे आधी ठरायचं.

हे वाचून हसाल, पण सांगते, या सहा ओळींनी घरात जेवढं बदललं, तेवढं मोत्याच्या बारा वर्षांत बदललं नव्हतं.

पिल्लू कसं निवडाल?

मोतीसारखंच दिसणारं शोधू नका. रंग तोच मिळेल, स्वभाव तो मिळणार नाही. मग दर वेळी ‘आमचा मोती असं करत नसे’ हे त्या बिचाऱ्यानं ऐकायचं.

दोन महिने, म्हणजे आठ आठवडे पुरे होण्याआधी पिल्लाला आईपासून तोडू नका. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे, हेही ठाऊक असू द्या. आईच्या आणि भावंडांच्या सहवासात चावायचं किती नि कसं, हे पिल्लू शिकतं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत त्यानं जे पाहिलं-ऐकलं, त्याची त्याला पुढे भीती वाटत नाही. तेव्हा मिक्सरचा आवाज, कुकरची शिट्टी, घंटागाडी, दाढीवाला माणूस, काठी टेकत येणाऱ्या आजी, सगळं त्याला याच वयात हळूहळू दाखवा.

आपल्या हवेत आपली गावठी जात छान तगते. लांब केसांच्या, दाट लोकरीच्या परदेशी कुत्र्यांना एप्रिल-मेचा उन्हाळा सोसत नाही, आणि बसक्या नाकाच्या कुत्र्यांना तर उकाड्यात श्वास घेणंही जड जातं. शोभेसाठी जिवाचे हाल कशाला?

आणि आता जरा नाजूक गोष्ट. पिल्लं न्यायला लोक येतात तेव्हा पहिला प्रश्न काय असतो? ‘नर आहे ना?’ नर उचलले जातात, माद्या मागे उरतात. मग त्या खोक्यातून बाजाराच्या टोकाला, नदीच्या घाटावर सोडल्या जातात. नुसता ‘कुत्री’ हा शब्दही आपण शिवीसारखा वापरतो! मी ठरवून मादी आणली. घरात दोन-तीनजणांनी विचारलं, ‘पिल्लं झाली म्हणजे?’ त्यावर सोपा उपाय आहे. मादी साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान पहिल्यांदा माजावर येते. डॉक्टरांना विचारून योग्य वयात तिचं ऑपरेशन करून घेतलं, की पिल्लांचा प्रश्न मिटतो. शिवाय पुढच्या वयात माद्यांच्या गर्भाशयात पू होतो, तो जिवावरचा रोग टळतो, आणि वेळेवर ऑपरेशन झालं तर स्तनांच्या गाठींचा धोकाही बराच कमी होतो.

दवाखान्याचा कागद जपून ठेवा

आधीचं कुत्रं पार्व्होनं गेलं असेल, तर थांबा. रक्ताची हगवण आणि उलट्या होऊन पिल्लं दोन-चार दिवसांत जातात, तो हा रोग. १९७८ च्या सुमारास तो जगभर पसरला. त्याचे विषाणू घरात, अंगणात कित्येक महिने तग धरतात. नेहमीच्या फिनेलनं ते मरत नाहीत. फरशी, ताटल्या आधी साबणानं स्वच्छ धुवा. मग घरगुती ब्लीचचा एक भाग तीस भाग पाण्यात घालून त्यानं पुसा, दहा मिनिटं ओलं राहू द्या आणि नंतर धुऊन काढा. अंगणातल्या मातीला हा उपाय लागू पडत नाही. म्हणून नवं पिल्लू लशी पुऱ्या झालेलंच आणावं, हे उत्तम.

लशींचं गणित असं. पहिली सहा ते आठ आठवड्यांची असताना. मग दर तीन-चार आठवड्यांनी एक, सोळा आठवडे होईपर्यंत. बरेचजण एक लस टोचून निर्धास्त होतात. तसं करू नका. आईकडून मिळालेली शक्ती अंगात असेतो लस पुरती लागू पडत नाही, म्हणून ती पुनःपुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांची झाली की. पुढच्या तारखा डॉक्टर सांगतील. जंताचं औषधही सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी लागतं, कारण पिल्लांना जंत बहुधा आईकडूनच येतात. ते मुलांनाही होऊ शकतात, तेव्हा पिल्लाशी खेळून आल्यावर हात साबणानं धुवायची सवय लावाच.

लस न झालेल्या पिल्लानं चावलं किंवा दातानं नुसतं ओरखडलं, तरी हळद-चुना लावत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीज एकदा उमटला, की त्यावर जवळजवळ उपाय नाही. ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ या भीतीनं अजूनही काही घरांत हे लपवलं जातं. त्या जुन्या लशीचं उत्पादन आपल्याकडे २००४ च्या अखेरीस बंद झालं. आता थोडीच इंजेक्शनं लागतात, आणि ती दंडावर घेतात.

परवान्याचंही पाहा. मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांत कुत्र्याचा परवाना काढावा लागतो. आपल्या गावात काय नियम आहे, ते विचारून घ्या.

पहिले दिवस

पहिल्या दोन-तीन रात्री पिल्लू रडतं. आई-भावंडांची ऊब गेलेली असते. त्याला गच्चीत किंवा न्हाणीघरात एकटं कोंडू नका. खोक्यात जुनं सुती लुगडं घालून खोकं आपल्या अंथरुणाशेजारी ठेवा. हाताला हात लागला, की ते निजतं.

दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ लघवी धरवत नाही. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर, या तीन वेळी लगेच बाहेर न्या. बाहेर केलं की शाबासकी द्या. आत केलं, तर त्याचं नाक त्यात घासायची जुनी पद्धत सोडून द्या. त्यातून ते एवढंच शिकतं, की माणसांदेखत करायचं नाही. मग ते पलंगाखाली लपून करतं!

खाणं तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन, पुढे दोन. नुसत्या दूध-पोळीवर पिल्लू वाढत नाही. गाई-म्हशीच्या दुधानं कित्येक पिल्लांना जुलाब होतात. मऊ भात, शिजवलेलं अंडं, चालत असेल तर चिकन, गाजर, भोपळा, आणि प्रमाण डॉक्टरांना विचारून. आपल्या स्वयंपाकघरातल्या काही गोष्टी मात्र त्याला विषासमान : कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका-बेदाणे, चॉकलेट. म्हणजे कालची उरलेली आमटी नको आणि सत्यनारायणाचा शिराही नको, त्यात बेदाणे असतात. शिजवलेली हाडं देऊ नका, ती फुटून घशात-आतड्यात रुततात. आणि अंग तापलं म्हणून आपली तापाची किंवा दुखण्याची गोळी तर कधीच नाही.

नाव नवं, ताटली नवी

शेवटचं सांगायचं ते नावाबद्दल. पुष्कळ घरांत मोतीनंतर पुन्हा मोतीच येतो. माझं ऐकाल, तर नाव नवं ठेवा. आमची आली तेव्हा धाकटीनं तिचं नाव बिट्टी ठेवलं. सासूबाईंच्या तोंडून पहिले काही दिवस ‘मोत्या, इकडे ये’ असंच निघायचं. त्यांनाच ते लक्षात यायचं आणि त्या गप्प व्हायच्या. बिट्टी मात्र कुठल्याही नावाला शेपूट हलवत यायची. मग एके दिवशी सासूबाई तिला म्हणाल्या, ‘तो मोत्या होता हं, तू बिट्टी.’ जणू नव्या सुनेला घरातली माणसं ओळखून देत होत्या!

मोत्याची ॲल्युमिनियमची ताटली मी माळ्यावर ठेवली आहे. बिट्टीला स्टीलची आणली. ती दारात आडवी पडत नाही. ओट्याखाली, सिलिंडरच्या कडेला बसते आणि माझ्या पदराचं टोक चघळते. सकाळची पहिली भाकरी उतरली, की चतकोर तिचा. सासूबाईंनी तो नेम पुन्हा धरला आहे. फक्त आता चतकोर मोडताना त्या दोन तुकडे करतात. एक बिट्टीला आणि एक फाटकाबाहेरच्या कुत्र्याला. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

तुमच्या घरी सध्या ताटली रिकामी असेल, तर इतकंच करा. ‘पिल्लू आणूया का?’ असं कुणी विचारलं, की लगेच उत्तर देऊ नका. चार दिवस घ्या, कागदावर हिशेब मांडा, सगळ्यांना समोर बसवा आणि मग काय ते सांगा. ‘हो’ म्हणालात, तर त्या सहा ओळी भिंतीला लावायला विसरू नका!